नोकरीतून मुक्त लेखनाकडे : आधी पैशाचं वेळापत्रक, मग राजीनामा

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका कंपनीकडून २०,००० शब्दांचा अनुवाद आला असं धरू. दर शब्दाला सव्वा रुपया. २५ जूनला काम पोचतं केलं, ३० तारखेला बिल पाठवलं. कंपनीचं पैसे चुकते करायचं चक्र ४५ दिवसांचं, मध्ये स्वातंत्र्यदिनाची सुट्टी आणि तिला लागून शनिवार-रविवार. पैसे जमा झाले १८ ऑगस्टला, तेही २५,००० नव्हे, २२,५००. वर्षभरात तुमच्याकडून ५०,००० च्या वर काम करून घ्यायचं ठरलं असल्याने अकाउंट्सवाल्यांनी पहिल्याच बिलातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला. उरलेले २,५०० पुढच्या वर्षी, विवरणपत्र भरल्यावर.

यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. या धंद्यात पैसा असाच येतो : जूनच्या कामावर ऑगस्टचा किराणा. एक तारखेला पगार पडायची सवय असलेला माणूस इथेच पहिल्यांदा अडखळतो. चांगलं लिहिणारी माणसं वर्षभरात नोकरीकडे परततात ती बहुधा लिहिता येत नाही म्हणून नव्हे. मधल्या अडीच महिन्यांत हात आखडतो म्हणून. त्यामुळे खालच्या पायऱ्यांचा क्रम या अंतराकडे बघून लावला आहे. लेखनाची तयारी त्यात येतेच, पण ती पहिली नाही.

पगार चालू असतानाच उरकायचं

मागच्या सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढा आणि घरखर्च, हप्ते, शाळेची फी, गावी पाठवायचे पैसे असं सगळं धरून महिन्याची सरासरी काढा. आकडा ४०,००० आला असं समजू. सहा महिन्यांचा खर्च शिल्लक हवा हे सगळेच सांगतात. इथे वर सांगितलेले अडीच महिने त्यात मिळवा. म्हणजे साडेआठ महिने, ३,४०,००० रुपये. ही रक्कम मुदत ठेवीत वेगळी ठेवा आणि तिच्यातून लॅपटॉप घेऊ नका.

आरोग्य विमा हा दुसरा विषय. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. नव्या वैयक्तिक पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस आजारपणाचा दावा चालत नाही आणि आधीपासून असलेल्या मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून पॉलिसी राजीनाम्याच्या निदान चार-सहा महिने आधी घ्या, किंवा ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते एचआरला विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही.

घराचं कर्ज काढायचं असेल तर तेही पगाराच्या स्लिपवर आधीच काढा. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याकडे बँक साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. पीएफला हात लावू नका. पाच वर्षं सलग सेवा झालेली नसताना काढलेल्या पीएफवर कर लागतो.

आता नियुक्तीपत्र काढून वाचा. बहुतेक खासगी कंपन्यांच्या पत्रात ‘अन्य कोणतंही अर्थार्जन’ करायला मनाई असते. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात. एखादा लेख किंवा कविता वेगळी, नियमित पैसे घेऊन काम करणं वेगळं, त्याला पूर्वपरवानगी लागते. बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावाने बिल काढायची युक्ती हमखास कानावर येते. टीडीएस त्यांच्या पॅनवर जमा होतो, काम तुमचं असतं, आणि पुढे हे निस्तरताना दोघांच्याही नाकी नऊ येतात. परवानगी नसेल तर या काळात फक्त नमुने तयार करा, पैसे घेऊ नका.

कोणतं लेखन पोट भरतं

दिवाळी अंक, पुरवण्या, मासिकं यांचं पटकन सांगून टाकतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी लेखकाचं नाव तिथे होतं. नाव होतं, घरभाडं निघत नाही. लेख मे ते जुलैत ठरतो, गणपतीच्या आसपास द्यावा लागतो, आणि मानधन अंक विकून झाल्यावर, कधी नुसता अंकच. वर्षाला दोन-तीन लेख जरूर लिहा, ते तुमचं दर्शनी दुकान आहे. उत्पन्नाच्या वहीत त्यांचा रकाना शून्य धरा.

मालिकांचे संवाद हा वेगळाच मामला. पैसा एपिसोडमागे मिळतो आणि बरा असतो, पण मुंबईत किंवा मुंबईच्या हाकेवर राहावं लागतं. रात्री अकराला चॅनेलची सूचना येते आणि सकाळी सातला सेटवर पानं हवी असतात. इकडे वळायचं असेल तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घ्या आणि कोणतीही संकल्पना दाखवण्याआधी तिथे नोंदवा.

नियमित पैसा देणारी कामं म्हणजे इंग्रजी-मराठी अनुवाद, ॲप आणि वेबसाइटचं मराठीकरण, सबटायटल, संस्थांचे अहवाल, यूट्यूबच्या संहिता, कंपन्यांच्या गृहपत्रिका, स्मरणिका आणि आत्मचरित्रांचं शब्दांकन. यांतलं काय निवडायचं हे तुमची आजवरची नोकरी सांगते. विमा कंपनीत दावे तपासणाऱ्याला ‘वजावट’ आणि ‘प्रतीक्षा कालावधी’ म्हणजे काय हे कोणी शिकवावं लागत नाही. परिचारिकेला औषधाच्या माहितीपत्रकातली चूक नजरेत भरते. कृषी सहायकाला ‘फवारणी’ आणि ‘आळवणी’ यांतला फरक कळतो. बाहेरचा अनुवादक दोन्हीकडे ‘फवारणी’ लिहून मोकळा होतो, आणि मुळाशी ओतायचं औषध शेतकरी पानांवर मारतो. दहा वर्षांचा तो धंदा हेच तुमचं भांडवल. तो टाकून ‘मी सगळ्या विषयांवर लिहितो’ असं सांगत सुटलात तर सगळ्यांत स्वस्त लेखकांच्या रांगेत जाऊन उभे राहाल.

हत्यारं

युनिकोड मराठी झरझर टाइप करता यायला हवी. इनस्क्रिप्ट कळफलक की फोनेटिक हा वाद इथे नको, पण मोबाइलवर बोटाने लिहून हा व्यवसाय होत नाही. शासकीय टंकलेखन परीक्षेतला मिनिटाला ३० मराठी शब्दांचा वेग हा खालचा टप्पा समजा.

छापखान्यांत आणि कित्येक प्रकाशनांत अजून श्री-लिपीसारखे जुने फॉन्ट चालतात. युनिकोडमधून तिकडे आणि तिकडून परत आणताना ठरावीक जागी मजकूर फुटतो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’. ‘ॲ’ हे एकसंध अक्षरही असतं आणि अ वर चंद्र देऊन केलेलं ‘अॅ’ही, डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. रूपांतर झालं की ‘र्य’, ‘ॲ’, ‘क्ष’, ‘श्र’ ही चार अक्षरं शोधून हाताने तपासा. ३०० पानी पुस्तकात याला दीड-दोन तास जातात. न तपासल्यास चूक छापून येते आणि प्रकाशक लेखकाला धरतो.

शुद्धलेखनात साहित्य महामंडळाचे नियम पाठ हवेत : १९६२ चे १४, १९७२ मध्ये वाढवलेले ४, एकूण १८. सर्वांत जास्त चुका सामान्यरूपात होतात. ‘गरीब’चं ‘गरिबाला’, ‘मूल’चं ‘मुलाला’ होतं, पण तत्सम ‘शरीर’चं ‘शरीराला’, ‘परीक्षा’चं ‘परीक्षेला’ राहतं. ‘कवी’ दीर्घ, ‘कविवर्य’ ऱ्हस्व. परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे कोश, जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश ऑनलाइन फुकट पाहता येतात. शासनाचा शब्द डोळे झाकून मात्र घेऊ नका. बँकेच्या ॲपवर ‘धनाकर्ष’ लिहिलंत तर ग्राहक ‘डिमांड ड्राफ्ट कुठे आहे’ म्हणून फोन करणार.

यंत्रानुवादाचं काय? अनुवाद एजन्सीकडून येणाऱ्या कामाचा मोठा भाग आता यंत्राने केलेला अनुवाद दुरुस्त करण्याचा असतो आणि त्याचा दर ताज्या अनुवादापेक्षा बराच कमी देतात. असं काम घेण्याआधी पहिला ३०० शब्दांचा तुकडा घड्याळ लावून दुरुस्त करून पाहा. ताशी ७००-८०० शब्द होत असतील तर निम्मा दर परवडतो. ४०० च होत असतील तर ते नव्याने अनुवाद केल्यासारखंच आहे, दर वाढवून मागा किंवा सोडा. आणि यंत्र कुठे घसरतं ते ओळखायला शिका, कारण ग्राहक पैसे मोजतो ते त्यासाठीच. हा नमुना कोणत्याही फोनवर सापडेल :

‘कृपया आपला ओटीपी कोणासोबतही शेअर करू नका.’

एकही शब्द अशुद्ध नाही, पण वाक्य मराठी नाही. ‘कोणासोबत’ हा हिंदीतला ‘किसी के साथ’. मराठी माणूस गुपित कोणासोबत करत नाही, कोणाला तरी सांगतो. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ एवढं पुरतं, आणि एसएमएसमधली जागाही वाचते. तसंच ‘आपली विनंती यशस्वीरित्या सबमिट केली गेली आहे’. ‘यशस्वीरीत्या’तली री दीर्घ हवी ही झाली लहान चूक. मोठी ही की काउंटरवरचा कारकून असं कधी बोलणार नाही. तो म्हणेल, ‘तुमचा अर्ज मिळाला.’

नमुने : तीन पुरे

एखादा लांबलचक लेख नको, ४०० ते ६०० शब्दांचे तीन नमुने तयार करा, तिन्ही तुमच्या जुन्या क्षेत्रातले. पहिला, इंग्रजी परिपत्रकाचा किंवा माहितीपत्रकाचा अनुवाद, मूळ डावीकडे आणि मराठी उजवीकडे. दुसरा, त्याच विषयावर सामान्य वाचकासाठी लेख. तिसरा, सुधारणेचा : एखाद्या वेबसाइटवरची सदोष मराठी वाक्यं, शेजारी तुमची, आणि बदल का केला याची प्रत्येकी एक ओळ. सर्वांत जास्त परिणाम या तिसऱ्याचा होतो. जिथे काम करता तिथली गोपनीय कागदपत्रं नमुन्यासाठी वापरू नका; सार्वजनिक मजकूरच घ्या.

फाइल पीडीएफ करा. बायोडेटात आधार, जन्मतारीख, घरचा पत्ता घालू नका. दुसऱ्याचा बायोडेटा स्वतःच्या नावाने लावून काम मिळवणाऱ्या टोळ्या अनुवादाच्या क्षेत्रात आहेत.

दर कसा काढायचा

ग्राहकाला ‘तुम्ही काय द्याल?’ असं विचारणं ही पहिली चूक. आकडा आधी घरी काढा.

खर्च ४०,०००, त्यात विमा, इंटरनेट, सॉफ्टवेअर, सीए मिळून ५,००० धरले तर महिन्याला ४५,००० हवेत. अनुभवी अनुवादक तपासून दिवसाला साधारण २,००० शब्द देतो. पहिल्या सहा महिन्यांत १,५०० धरा. महिन्याचे २४ दिवस कामाचे वाटतात, पण नमुने पाठवणं, तगादे लावणं, बिलं करणं, काम नसणं यांत पहिल्या वर्षी निम्मे जातात. उरले १२. दिवसाला २,००० शब्द जमले तरी २४,००० शब्द होतात. ४५,००० भागिले २४,००० म्हणजे शब्दाला १ रुपया ८८ पैसे. एजन्सी सव्वा रुपया देत असेल तर त्याच पैशासाठी ३६,००० शब्द, म्हणजे भरगच्च १८ दिवस लागतील. थोडक्यात, नुसत्या एजन्सीच्या अनुवादावर पहिल्या वर्षी गणित बसत नाही. त्याच्या जोडीला थेट ग्राहकाचं एखादं मोठं काम लागतंच.

एक बारीक गोष्ट खिशाला चांगलीच लागते. दर मूळ इंग्रजी शब्दांवर ठरवा, मराठीवर नको. इंग्रजीत ‘ऑन द टेबल’ हे तीन शब्द, मराठीत ‘टेबलावर’ हा एक. प्रत्यय शब्दाला चिकटत असल्याने १,००० इंग्रजी शब्दांचे मराठीत साधारण ८०० ते ८५० भरतात. मराठी शब्द मोजून बिल केलंत तर काम तेवढंच आणि पैसे १५-२० टक्क्यांनी कमी.

आणि दरपत्रकात ‘मानधन’ हा शब्द लिहू नका. मानधन समोरचा स्वखुशीने देतो. ‘शुल्क’ किंवा सरळ ‘फी’ लिहा.

पहिले ग्राहक

ओळखीच्यांपासून सुरुवात करा, पण ‘काही काम असेल तर सांगा’ असं म्हणू नका; अशा वाक्याला ‘हो, नक्की’ यापलीकडे उत्तर नसतं. ज्या कंपन्यांचा, संस्थांचा मराठी मजकूर तुमच्या क्षेत्रात फिरतो अशा ४० जणांची यादी करा. आठवड्याला पाच पत्रं, प्रत्येक वेगळं. पत्र असं असावं :

‘नमस्कार मॅडम, विमा दाव्यांच्या विभागात मी अकरा वर्षं काम केलं असून आता विमा आणि आरोग्य या विषयांचा इंग्रजी-मराठी अनुवाद करते. तुमच्या संकेतस्थळावरच्या “दावा दाखल करा” या पानावर तीन ठिकाणी मराठीमुळे ग्राहकाचा गैरसमज होऊ शकतो. दुरुस्त्या सोबत जोडल्या आहेत. त्यांचं शुल्क नाही. पुढील कामासाठी माझा दर शब्दाला दोन रुपये, दिवसाला २,००० शब्द. पुढच्या बुधवारी फोन केला तर चालेल का?’

बुधवारी फोन करा. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एक आठवण, मग तीन महिन्यांनी. ४० पैकी दोन-तीनच हलतील, पण एकदा हललेला ग्राहक परत परत येतो.

अनुवाद एजन्सी चाचणी घेतात, ते रास्त आहे. चाचणी ३०० शब्दांपर्यंत फुकट करा. ‘चाचणी’ म्हणून २,००० शब्द आले तर ते काम आहे, दर सांगा. नोंदणी फी, सॉफ्टवेअर फी, अनामत रक्कम मागणारा ग्राहक नव्हेच. परदेशी ‘ग्राहक’ ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून वरची रक्कम परत मागतो तेव्हा तो चेक आठवडाभराने परत येतो. तुम्ही पाठवलेले पैसे येत नाहीत.

आत्मचरित्रांचं शब्दांकन

या कामाकडे नवे लेखक बघत नाहीत, आणि महाराष्ट्रात ते मुबलक आहे. निवृत्त मुख्याध्यापक, सहकारी संस्थेचे संस्थापक, छोटे कारखानदार, डॉक्टर. वयाची पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन आलं की मुलं म्हणतात, ‘बाबांचं पुस्तक करू.’ लिहिणारा मात्र त्यांना सापडत नाही.

डेमी आकाराचं २०० पानी पुस्तक म्हणजे ५० ते ५५ हजार शब्द. त्यासाठी १५ ते १८ तासांचं ध्वनिमुद्रण लागतं, दीड-दीड तासाच्या दहा-बारा बैठका. त्याहून लांब बैठक नको. ऐंशीच्या घरातला माणूस दोन तासांनंतर तीच गोष्ट पुन्हा सांगू लागतो. बैठक सकाळी ठेवा, पंखा बंद, फोन दोन ठेवा, एकावर मुद्रण बंद पडलं तर दुसरा असतो. एका तासाचं ध्वनिमुद्रण हाताने उतरवायला चार-पाच तास जातात. ॲपकडून कच्चा मजकूर मिळतो, पण बोली, आडनावं, गावांची नावं आणि मध्येच बोलणाऱ्या आजी यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. सगळं मिळून चार ते सहा महिने.

सन-तारखांचा घोळ ठरलेला. ‘मी तेव्हा सातवीत होतो’ यावर विसंबू नका. सर्वांना आठवणाऱ्या घटनांशी जोडून विचारा. पानशेतचं धरण फुटलं ते १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. मोठा दुष्काळ १९७२ चा. किल्लारी ३० सप्टेंबर १९९३. ‘तुमचं लग्न दुष्काळाच्या आधी की नंतर?’ या प्रश्नावर घरातल्या घरात वाद होतो आणि त्यातून खरं साल निघतं. मग शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, जुनी लग्नपत्रिका यांच्याशी ताडून घ्या.

काम फिसकटतं ते तिसऱ्या महिन्यात. पहिला खर्डा घरात फिरतो, थोरल्या भावाबरोबरच्या वाटणीचं प्रकरण वाचून धाकटी सून म्हणते हे काढा, मुलगा म्हणतो ठेवा, बाबा गप्प. पुस्तक कपाटात जातं आणि तुमचा शेवटचा हप्ता त्याच्याबरोबर. यावर उपाय करारात असतो : सूचना घरातली एकच व्यक्ती, लेखी, देईल, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, तिसरीपासून वेगळं शुल्क. फी चार भागांत : करारावेळी ३० टक्के, मुद्रण संपल्यावर २५, पहिल्या खर्ड्यावर २५, अंतिम मजकुरावर २०. ‘प्रकाशनानंतर’ हा शब्द करारात कुठेही येऊ देऊ नका. प्रकाशन पाहुण्यांच्या तारखेवर, हॉलवर, घरातल्या लग्नावर अवलंबून असतं, तुमच्यावर नाही.

मजकुरातल्या आरोपांची जबाबदारी सांगणाऱ्याची, असं एक कलम घाला. तरीही कोणा जिवंत माणसावर चोरी-लबाडीचा थेट आळ असेल तर नाव काढा. अब्रुनुकसानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे आणि मृत व्यक्तीची बदनामीही त्यात येऊ शकते. श्रेयाचं आधीच ठरवा. ‘शब्दांकन’ म्हणून आतल्या पानावर नाव येणार असेल तर एक फी. नाव अजिबात नको असेल तर जास्त, कारण ते पुस्तक पुढच्या ग्राहकाला तुम्हाला दाखवता येणार नाही.

हक्क आणि करार

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मुक्त लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तो स्वतः असतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्याची मालकी नोकरी देणाऱ्याची. हक्क द्यायचे तर लेखी हवेत. कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत समजतात. ॲपच्या बटणांवरच्या मराठीचे हक्क सगळेच्या सगळे देऊन टाका, त्यांचं तुम्हाला काही करायचं नाही. कथा किंवा स्वतःच्या नावाचा लेख असेल तर ‘सर्व माध्यमांतील, कायमस्वरूपी’ या शब्दांवर थांबा आणि छापील अंक, ऑनलाइन, ऑडिओ यांचं वेगवेगळं बोला. करार नसेल तर निदान एक ईमेल हवा, त्यात शब्दसंख्या, दर, तारीख, दुरुस्तीच्या फेऱ्या, पैसे किती दिवसांत. ‘ठीक आहे’ एवढं उत्तर आलं तरी पुढे ते कामी येतं. व्हॉट्सॲपवरचा अंगठा कमी.

बिल, उद्यम आणि कर

उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी पहिल्या कामाआधी करा. ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते. हजार-दोन हजार मागणारा एजंट आहे. फायदा असा की सूक्ष्म उद्योगाला ग्राहकाने करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. तिथवर जायची पाळी क्वचित येते. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि देय तारीख ठळक छापली की अकाउंट्स विभाग ते बिल गठ्ठ्याच्या वर ठेवतो, कारण मुदतीत न दिलेल्या अशा पैशांची करातली वजावट त्यांना ते प्रत्यक्ष चुकते केल्याच्या वर्षीच मिळते.

बिलावर क्रमांक, तारीख, पॅन, कामाचं वर्णन, शब्दसंख्या गुणिले दर, बँकेचा तपशील. पॅन चुकला की टीडीएस १० ऐवजी २० टक्के कापला जातो. कापलेला टीडीएस तिमाही उलटली की आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतो का ते पाहा. दिसला नाही तर तेव्हाच विचारा, वर्षाने त्या कंपनीतला माणूस बदललेला असतो. १९६१ च्या कायद्यात हा टीडीएस कलम १९४जे मध्ये होता. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कागदोपत्री कलमांचे आकडे वेगळे दिसतील. निम्मं उत्पन्न नफा धरायची अनुमानित योजना चित्रपटाच्या कथा-पटकथा-संवादलेखकांना नावानिशी लागू आहे. तुमच्या अनुवादाला ती बसते का, हे सीएला पहिल्याच भेटीत विचारा.

जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर. महाराष्ट्रात व्यवसाय कराची नोंदणी मात्र लागते, वर्षाला २,५०० रुपये. पगारातून कापला जायचा तो बंद झाला की स्वतः भरायचा असतो आणि ते बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही.

राजीनामा कधी

तीन गोष्टी झाल्या की. साडेआठ महिन्यांची रक्कम ठेवीत. निदान दोन ग्राहकांनी दुसऱ्यांदा काम दिलेलं. पहिलं काम ओळखीवर मिळतं, दुसरं कामावर. आणि निदान एका बिलाचे पैसे मुदतीत जमा झालेले. नोकरीत बाहेरचं काम घ्यायची परवानगी नसलेल्यांना दुसरी-तिसरी अट पुरी करता येत नाही. त्यांनी ठेव बारा महिन्यांची धरावी.

नोटीस ९० दिवसांची असेल तर राजीनामा मार्च-एप्रिलमध्ये टाका. जून-जुलैत मोकळे झालात की गणपती ते दिवाळी हा जाहिराती आणि अंकांचा हंगाम समोर असतो. दिवाळीनंतर बाहेर पडलात तर डिसेंबर बहुधा कोरडा जातो.

शेवटच्या आठवड्यात रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला, पूर्ण आणि अंतिम हिशेबाचा कागद हातात घ्या, पगारावरच्या टीडीएसचा दाखला (जुन्या कायद्यातला फॉर्म १६) कधी मिळेल ते लिहून घ्या. ऑफिसच्या ईमेलवर बांधलेली बँक, विमा, डीमॅट खाती स्वतःच्या ईमेलवर वळवा. शेवटच्या दिवशी सहानंतर तो ईमेल उघडत नाही. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली का ते दोन महिन्यांनी पाहा. भरली नसेल तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ती तुम्हालाच भरता येते.